हवा मोजून द्यायची कृती

भोसरी असो, शिरोली असो की सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत कॉम्प्रेसर सापडतो तो कारखान्याच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. हवेचा दाब पडेपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. मालकाला त्याच्या खर्चाबद्दल विचारलं तर तो खरेदीची किंमत सांगतो. वीज किती खातो, हे त्याला सांगता येत नाही, कारण महावितरणचं बिल अख्ख्या कारखान्याचं एकच येतं. वास्तविक दोन-तीन पाळ्या चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा विजेचा असतो, यंत्राची किंमत त्यापुढे किरकोळ.

ही कृती आहे ती आज कॉम्प्रेसर बनवणाऱ्या, विकणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या आणि उद्या घनमीटरच्या भावाने हवा विकू पाहणाऱ्या लोकांसाठी. यंत्र तुमचं, देखभाल तुमची, ग्राहकाने वापरलेल्या हवेचे पैसे द्यायचे. कल्पना जुनीच आहे. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने आपल्या व्हायपर जेट इंजिनांची देखभाल उड्डाणाच्या तासावर पैसे घेऊन करायला सुरुवात केली. पुढे ही कंपनी रोल्स-रॉइसने घेतली आणि तो हिशोब जगभर पोचला. हवेच्या बाबतीत जर्मनीतल्या कोबुर्गची केझर कंपनी घनमीटरवर पैसे घेऊन हवा पुरवते. मोठ्यांना जमलेलं हे गणित आता दहा-पंधरा माणसांच्या सर्व्हिस एजन्सीलाही मांडता येतं, कारण मॉडबसवर बोलणारं मीटर, प्रेशर ट्रान्समीटर आणि मोबाइल सिमचा गेटवे तिच्या आवाक्यात आले आहेत.

पण मीटर बसलं म्हणजे धंदा बसला, असं होत नाही. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी मीटर लावून नुसते घनमीटरचे पैसे घेऊ लागलात, तर ग्राहकाच्या पाइपातून जितकी हवा गळेल तितकी तुमची कमाई वाढेल. त्याचं नुकसान तो तुमचा नफा. असा करार वर्षभर टिकतो, मग एखादा हुशार मेंटेनन्स इंजिनियर आलेख उघडतो आणि तुम्हाला गेटबाहेर काढतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत एकच गोष्ट धरून ठेवायची: जे मोजलं जाईल त्यात दोघांचा फायदा एकाच दिशेला हवा.

जमवाजमव

विजेचा लॉगर (क्लॅम्पचा चालेल, पण किलोवॉट मोजणारा, नुसता अँपिअर नको), पाइपात घुसवायचा थर्मल मास फ्लो मीटर, दोन प्रेशर ट्रान्समीटर, मॉडबस आरटीयू घेणारा गेटवे, त्यासाठी छोटा यूपीएस, गळती शोधायला अल्ट्रासॉनिक डिटेक्टर. डिटेक्टर परवडत नसेल तर साबणाचं पाणी आणि ब्रश. शिवाय लाल टॅगचा एक गठ्ठा. सॉफ्टवेअरवर पहिल्या ग्राहकासाठी फार खर्च करू नका. मिनिटामिनिटाचे आकडे साठवून आलेख दाखवणारी साधी व्यवस्था पुरते.

पहिली पायरी: ग्राहक पारखणं

दोन किंवा तीन पाळ्या, वर्षभर सारखं काम, सीएनसी, पेंट शॉप किंवा पॅकेजिंगच्या लाइन, आणि आठ-दहा वर्षांहून जुना कॉम्प्रेसर असेल तर हिशोब जुळण्याची शक्यता चांगली. ऑर्डर आली की रात्रंदिवस आणि नाही आली की पंधरा दिवस बंद, अशा जॉब शॉपला हा सौदा घालू नका. तुमचा हप्ता थांबत नाही, त्याचं मीटर मात्र थांबतं.

आणि पैसे वेळेवर देतो का, हे त्याच्या टूल सप्लायरला विचारा. त्याच्या अकाउंट्स विभागाला विचारून उपयोग नाही. यंत्र विकताना एकदा वसुली करायची असते, इथे साठ महिने करायची आहे.

इथेच एक कागद हातावेगळा करून टाका. उद्यम नोंदणीत तुम्ही निव्वळ व्यापारी म्हणून असाल, तर एमएसएमईडी कायदा २००६ मधलं उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबतचं संरक्षण तुम्हाला नाही. सेवा देणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल, तर लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत देणं ग्राहकावर बंधनकारक आहे. यंत्र विकणारे कित्येक डीलर सेवा सुरू करतात आणि जुनी नोंद तशीच ठेवतात.

दुसरी पायरी: आजचं चित्र मोजणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कमीत कमी आठवडाभर, म्हणजे साप्ताहिक सुट्टी त्यात येईल असं, जुन्या यंत्रावर मीटर लावा. विजेचा लॉगर कॉम्प्रेसर आणि ड्रायर दोघांच्या फीडरवर. एक प्रेशर ट्रान्समीटर हेडरवर, दुसरा सर्वांत लांबच्या यंत्राजवळ. दोन्हींमधला फरक अर्ध्या बारपेक्षा बराच जास्त निघाला, तर पाइप बारीक आहे किंवा फिल्टर तुंबलाय. त्यावर इलाज म्हणून कॉम्प्रेसरचा दाब वाढवून ठेवलेला असतो. सात बारच्या आसपास दाब एक बारने वाढवला की वीज साधारण सहा-सात टक्क्यांनी वाढते, हे मेंटेनन्सवाल्याला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. लॉगर दाखवतो.

मग गळतीची परीक्षा. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, तेव्हा तो दिवस पकडा. सगळी यंत्रं बंद, हवेचे वापराचे सगळे पॉइंट बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू आणि यंत्रांपर्यंतचे व्हॉल्व्ह उघडे. कुणीच हवा वापरत नाही, तरी थोड्या वेळाने दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर लोड घेतो. स्टॉपवॉच लावा. किती वेळ लोडवर चालला आणि किती वेळ अनलोडवर, हे दहा-बारा फेऱ्यांचं लिहून सरासरी काढा.

गळती = कॉम्प्रेसरची क्षमता × लोडची वेळ ÷ (लोडची वेळ + अनलोडची वेळ)

एक कारखाना उदाहरणाला घेऊ. हाच पुढेही वापरू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा. पन्नास अश्वशक्तीचा जुना स्क्रू कॉम्प्रेसर, क्षमता मिनिटाला ६.२ घनमीटर. लोड १ मिनिट, अनलोड ४ मिनिटं. म्हणजे पाचातला एक भाग, २० टक्के. मिनिटाला १.२४ घनमीटर हवा नुसती जाते. या जुन्या यंत्राला मिनिटाला एक घनमीटर हवा करायला ७.४ किलोवॉट लागतात असं धरलं, तर गळतीसाठी ९.२ किलोवॉट सतत जळतात. वर्षाला ६,००० तास चालला तर ५५,००० युनिटं. युनिट नऊ रुपयांनी धरलं तर पाच लाखांच्या जवळपास. ड्रायर आणि रिकाम्या धावण्याची वीज यात धरलेली नाही. वीस टक्के ऐकून मालक अस्वस्थ होतात, पण जिथे कुणी लक्षच घातलेलं नाही तिथे वीस-तीस टक्के गळती ही नेहमीची गोष्ट आहे.

आठवड्याच्या नोंदींवरून दोन आकडे काढायचे: महिन्याला किती घनमीटर हवा लागते आणि दर घनमीटरला किती युनिटं. आपल्या उदाहरणात महिन्याला १,५०,००० घनमीटर आणि २१,००० युनिटं, म्हणजे घनमीटरला ०.१४ युनिट. हे दोन आकडे, गळतीचा आकडा आणि मोजणीच्या तारखा एका कागदावर लिहून मालक, मेंटेनन्स प्रमुख आणि तुम्ही, तिघांनी सह्या करायच्या. सही होईपर्यंत एकही गळती बंद करायची नाही. हात शिवशिवतील, कारण फुसफुसणारी पीयू ट्यूब समोर दिसत असते आणि पाच मिनिटांचं काम असतं. पण सहीआधी ती बंद केली, तर ती बचत तुमच्या हिशोबात कधीच येणार नाही.

तिसरी पायरी: कायमचं मीटर बसवणं

नवं यंत्र निवडणं तुम्हाला शिकवायला नको. मागणी वर-खाली होत असेल तर व्हीएफडीचं, सारखी असेल तर साधं. मीटरबद्दल मात्र बोलायला हवं, कारण धंद्याचा तराजू तोच.

फ्लो मीटर ड्रायरच्या पुढे बसवा. ओल्या हवेत थर्मल मीटर चुकीचं वाचतं, पाण्याचा थेंब सेन्सरवर बसला की आकडा उडी मारतो. मीटरच्या आधी पाइपाची सरळ लांबी लागते. व्यासाच्या किती पट, ते त्या मीटरच्या पुस्तकात दिलेलं असतं. कोपर किंवा व्हॉल्व्हला चिकटून बसवलेलं महागातलं मीटरही खोटं बोलतं. शेड अरुंद असते म्हणून इथेच तडजोड होते. त्यापेक्षा हेडर दीड मीटर लांबवा.

आता घनमीटर म्हणजे कुठला घनमीटर, हे लिहून ठेवा. हवा दाबली की आक्रसते, तापली की फुगते, म्हणून ती कुठल्या दाब-तापमानाला मोजली, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. शून्य अंश आणि १.०१३ बारचा 'नॉर्मल' घनमीटर, आणि कॉम्प्रेसरच्या चाचणीत वापरतात तो २० अंश आणि १ बारचा घनमीटर, यांच्यात जवळजवळ नऊ टक्क्यांचा फरक आहे. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथे हवेचा दाबच ०.९५ बारच्या आसपास असतो, तेव्हा कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा आकडा आणि मीटरचा आकडा थेट ताडून पाहायचे नसतात. मीटरच्या मेनूत संदर्भस्थिती निवडता येते. ती कोणती ठेवली, त्याचा फोटो करारासोबत जोडा. पहिल्याच बिलावर होणारी निम्मी भांडणं या एका फोटोने मिटतात.

विजेचं मीटर कॉम्प्रेसर, ड्रायर आणि शेडमधला एक्झॉस्ट पंखा या सगळ्यांवर मिळून एकच असू द्या. ड्रायर वगळून घनमीटरमागचं युनिट चांगलं दिसतं, पण ती फसवाफसवी लगेच उघडी पडते.

चौथी पायरी: डेटाचा डबा

मीटर, ट्रान्समीटर आणि कॉम्प्रेसरचा कंट्रोलर हे सगळे आरएस-४८५ च्या एका जोडतारेवर गेटवेला जोडले जातात. केबल शील्डेड घ्या आणि व्हीएफडीच्या पॉवर केबलपासून लांबून न्या, नाहीतर आकडे मधूनच गायब होतात आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो. गेटवेत किमान महिनाभराची नोंद स्थानिक साठवणीत राहायला हवी. पावसाळ्यात टॉवर बंद पडतो, सिमचं रिचार्ज संपतं, पण नेटवर्क गेलं म्हणून बिलातले दोन दिवस कोरे ठेवता येत नाहीत. घड्याळ आपोआप जुळवून घेणारा गेटवे निवडा. पाळी बदलण्याच्या वेळेला दहा मिनिटांची गडबड झाली तरी आलेखाचा अर्थ बदलतो.

काय नोंदवायचं? हवा, वीज, हेडरचा दाब, लांबच्या टोकाचा दाब, ड्रायरचा दवबिंदू, डिस्चार्जचं तापमान, सेपरेटरच्या दोन बाजूंतला दाबफरक. इतकंच. विक्रेते तुम्हाला कंपनाचे सेन्सर, कॅमेरे आणि 'एआय' विकायला येतील. पन्नास अश्वशक्तीच्या यंत्राला ते सगळं घातलं तर हप्ता वाढतो, कळतं तेवढंच. डिस्चार्ज तापमान रोज थोडं थोडं चढतंय, तर कूलरवर धूळ बसली आहे. फाउंड्रीजवळच्या शेडमध्ये ही धूळ काळी, तेलकट असते आणि ब्रशने निघत नाही. सेपरेटरचा दाबफरक चढतोय, तर बदलायची वेळ जवळ आली. या दोन आलेखांवर रात्री-अपरात्री होणारे बरेच ब्रेकडाउन आधी दिसतात, आणि सर्व्हिसवाल्याला दुपारी दोन वाजता पाठवता येतं. रात्री दोनला पाठवावं लागत नाही. तुमचा खरा नफा इथे आहे.

स्क्रीन दोघांना एकच. ग्राहकाच्या लॉगिनला आणि तुमच्या लॉगिनला तेच आकडे, त्याच मिनिटाला दिसले पाहिजेत. स्वतःसाठी सविस्तर आणि ग्राहकासाठी गोळाबेरीज, असा भेद ठेवला तर विश्वास राहत नाही. यंत्र लांबून चालू करायची सोय मात्र ठेवू नका. बंद यंत्रात कुणाचा हात असेल, ते पुण्यात बसून दिसत नाही. चालू करायचं बटण शेडमध्येच असावं.

पाचवी पायरी: भाव बांधणं

विजेचं बिल ग्राहकाच्याच नावाने राहू द्या. वीज घेऊन ती दुसऱ्याला विकणं हा परवान्याचा विषय आहे, त्यात शिरायचं कारण नाही. तुम्ही हवेचे पैसे घ्या आणि घनमीटरमागे किती युनिटं लागतील याची हमी द्या. हमीपेक्षा जास्त लागली तर ती वीज तुमच्या बिलातून वजा.

भाव तीन तुकड्यांचा करा. एक ठरावीक महिन्याचं भाडं, ज्यात यंत्राचा हप्ता सुटेल. दुसरा घनमीटरचा छोटा दर, ज्यात देखभाल सुटेल. तिसरा गळती कमी झाल्याच्या बचतीतला हिस्सा. पहिले दोन सगळेच लावतात. तिसऱ्याशिवाय बाकी व्यवस्था उलटी चालते.

तोच कारखाना. नवं यंत्र, ड्रायर, मीटर, गेटवे मिळून १४ लाख धरा. अकरा टक्क्यांनी साठ महिन्यांचा हप्ता ३०,४४० च्या आसपास पडतो, तेव्हा भाडं ३०,५००. गळती १,५०,००० मधून २५,००० घनमीटरने उतरवली, म्हणजे हवा १,२५,००० लागली. नवं यंत्र कमी दाबावर ०.११५ युनिटात घनमीटर देतं, म्हणजे १४,३७५ युनिटं. महिन्याची बचत ६,६२५ युनिटं, रुपयांत ५९,६२५. त्यात गळतीमुळे वाचलेले ३१,५०० आणि यंत्राच्या कार्यक्षमतेमुळे वाचलेले २८,१२५.

बिल असं: भाडं ३०,५००, घनमीटरला आठ पैसे प्रमाणे १०,०००, गळतीच्या बचतीतले ४० टक्के म्हणजे १२,६००. एकूण ५३,१००, त्यावर जीएसटी. ग्राहकाचा आधीचा एएमसी, तेल, फिल्टर मिळून महिन्याचा खर्च १२,००० होता असं धरलं, तर विजेची बचत मिळवून त्याचे ७१,६२५ वाचले आणि ५३,१०० गेले. साडेअठरा हजार त्याच्या खिशात, तेही एक रुपया भांडवल न गुंतवता. तुमचा हप्ता आणि नऊ हजारांची देखभाल वजा जाता साडेतेरा हजार तुमच्या.

आता हीच व्यवस्था उलटी फिरवून पाहा. गळती पुन्हा वाढली आणि २५,००० घनमीटर परत आले, तर आठ पैशांनी तुम्हाला २,००० जास्त मिळतील, पण हिश्शाचे १२,६०० जातील. म्हणजे गळती बुजवायला तुम्हीच धावाल. दर बांधताना ही वजाबाकी प्रत्येक वेळी करून बघा. घनमीटरचा दर वाढवून भाडं कमी दाखवायचा मोह होतो, कारण ग्राहकाला भाडं डोळ्यांत खुपतं. तो मोह इथे महाग पडतो.

गळतीची बचत एकूण हवेवरून मोजू नका. उत्पादन वाढलं की हवा वाढणारच, त्यात गळतीचा काय दोष? सुट्टीच्या दिवशी हवेची लाइन ठरलेल्या दाबावर ठेवून तासभर जो प्रवाह दिसतो, तो पहिल्या सहीच्या कागदाशी ताडायचा आणि महिन्याच्या चालू तासांनी गुणायचा.

जीएसटीबद्दल एक. सीमाशुल्काच्या वर्गवारीत दाबलेली हवा २८५३ या शीर्षकाखाली येते, म्हणजे ती माल म्हणून नोंदलेली आहे. यंत्राचं भाडं मात्र सेवा. तुमच्या बिलात दोन्ही आहेत. बिलाचा नमुना पहिल्या महिन्याआधी सीएला दाखवून घ्या.

सहावी पायरी: करारात काय लिहायचं

दाबाचं वचन हेडरवर द्या, यंत्रापाशी नको. मधला पाइप ग्राहकाचा आहे. 'हेडरवर ६ बारच्या खाली महिन्यात इतक्या मिनिटांपेक्षा जास्त जाणार नाही, गेल्यास भाड्यातून इतकी कपात' असं आकड्यात लिहा. वीज गेल्याची मिनिटं वगळा, ती गेटवेच्या नोंदीत दिसतातच. बदली यंत्र किती तासांत आणाल तेही लिहा, आणि ते यंत्र आधी गोदामात असू द्या.

फ्लो मीटर वर्षातून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट. मीटर बंद पडलं तर त्या दिवसांचं बिल कशावरून, तेही आत्ताच ठरवा. विजेच्या युनिटांना घनमीटरमागच्या सरासरीने भागणं हा सोपा मार्ग.

ग्राहकाच्या कारखान्यातली सगळी यंत्रसामग्री त्याच्या बँकेकडे तारण असते. तुमचं यंत्र त्या आवारात उभं राहिलं की जप्तीच्या दिवशी ते कुणाचं, हा प्रश्न निघतो. यंत्रावर मालकीची पाटी खिळ्यांनी ठोका, अनुक्रमांक करारात लिहा, आणि हे यंत्र आमच्या तारणात नाही असं त्याच्या बँकेचं पत्र घ्या. बँकेला पत्र द्यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम सर्वांत आधी सुरू करा. विमा तुमच्या नावाने. रिसीव्हर हे दाबपात्र आहे. त्याची ठरलेल्या मुदतीची तपासणी कोण करून घेणार आणि दाखला कुठे राहणार, ते एका ओळीत लिहा.

डेटाची मालकी? हवेच्या आलेखावरून ग्राहकाच्या किती पाळ्या चालल्या, ऑर्डर वाढली की घटली, हे सगळं वाचता येतं. त्याचा प्रतिस्पर्धी तुमचाही ग्राहक असू शकतो. नोंदी ग्राहकाच्या, वापर तुम्हाला फक्त बिल आणि देखभालीपुरता, आणि करार संपल्यावर सगळी नोंद फाइलमध्ये त्याच्या हाती द्यायची, असं ठेवा.

सातवी पायरी: रोज चालवणं

पहिल्या महिन्यात आलेखावर रोज सकाळी नजर टाका. शोधायची जागा म्हणजे चहाची सुट्टी. साडेदहाला लाइन थांबते, माणसं कँटीनकडे जातात, हवेची रेघ खाली यायला हवी. ती जेवढी यायची थांबते तेवढी गळती, किंवा कुणीतरी यंत्र चालू ठेवून गेलंय. सुट्टीची वाट न पाहता दिवसातून दोनदा मिळणारी ही परीक्षा आहे. एखाद्या मंगळवारी रेघ नेहमीपेक्षा वर थबकली आणि बुधवारीही तिथेच थबकली, तर मंगळवारी कुठली लाइन बदलली, कुठलं नवं सोलेनॉइड बसलं, ते फोरमनला विचारा. त्याला नेमकं आठवतं.

गळत्या बहुतेक वेळा त्याच त्या ठिकाणी सापडतात: पुश-फिटिंगमधली वाकडी कापलेली पीयू ट्यूब, एफआरएलचा तडकलेला बाउल, उघडा अडकलेला ऑटो ड्रेन, सिलिंडरचं झिजलेलं सील. ब्लो गनने अंगावरची बुरी-धूळ झटकणं हा वेगळा प्रकार. त्यात हवा जाते ती जाते, पण डोळ्यात बुरी गेली की माणूसही जातो दवाखान्यात. दाब कमी करणारे नोझल लावून द्या, स्वतःच्या खर्चाने. एका ब्लो गनच्या पैशांत ऑपरेटर तुमच्या बाजूचा होतो.

प्रत्येक गळतीला लाल टॅग, त्यावर तारीख. पंधरा दिवसांत टॅग निघाला नाही तर मासिक बैठकीत तो विषय. आणि गळतीच्या बचतीतला थोडा हिस्सा, तुमचा आणि ग्राहकाचा मिळून, शॉपफ्लोअरवरच्या लोकांना द्या. गळती ज्याला ऐकू येते तो ऑपरेटर. त्याला यात काहीच नसेल तर तो टॅग लावणार नाही, कानात बोळे घालून काम करेल. मालक इथे कुरकुरतात. बोनस म्हणून नको, पाळीला जेवण किंवा दिवाळीला वस्तू म्हणून द्या, पण कुठल्या महिन्याच्या कुठल्या बचतीचं ते, हे नोटीस बोर्डवर आकड्यात लिहा.

महिन्याला एक बैठक पुरे, अर्ध्या तासाची, शेडमध्ये उभ्या-उभ्या. बिल, दाबाची मिनिटं, टॅग. अलार्म सगळ्यांना पाठवू नका. तापमानाचा तुमच्या सर्व्हिसवाल्याला, दाबाचा ग्राहकाच्या मेंटेनन्सवाल्याला, आणि दोघांनी पंधरा मिनिटांत उचलला नाही तर तुम्हाला. मालकाच्या फोनवर अलार्म गेले की तो दोन दिवसांत गट म्यूट करतो.

आठवी पायरी: साठ महिन्यांनंतर

हप्ता फिटला की भाडं तसंच चालू राहणं ग्राहकाला पटणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. सहाव्या वर्षाचा दर पहिल्याच करारात लिहा. भाडं निम्म्यावर, घनमीटरचा दर थोडा वर, कारण जुन्या यंत्राची देखभाल वाढते, आणि गळतीचा हिस्सा आहे तसा. किंवा ग्राहकाला ठरलेल्या किमतीला यंत्र घेण्याचा पर्याय, मीटर आणि गेटवे सोडून. मधेच करार मोडला तर उरलेल्या हप्त्यांपैकी किती, याचं महिनावार कोष्टक जोडा. पहिला आकडा मोठा दिसेल, बत्तिसाव्या महिन्याचा बराच लहान. मालक कोष्टक पाहून सही करतात, मोघम 'परस्पर सहमतीने' वाचून वकिलाकडे जातात.

पहिल्या ग्राहकाचे चार ऋतू पूर्ण होईपर्यंत दुसरा घेऊ नका. उन्हाळ्यात शेड ४५ अंशांवर जाते, पावसाळ्यात ड्रायर आणि ड्रेनवर ताण येतो, दिवाळीच्या सुट्टीत भाडं सुरू पण घनमीटर शून्य. या तिन्ही महिन्यांची तुमची बिलं समोर ठेवूनच दुसऱ्याचा भाव बांधायचा.